कुटुंबाची व्याख्या मागील पानावर

पत्र बुधवारी दुपारी आलं आणि आमच्या धुलाईखान्यातलं पाणी उकळायचं थांबलं. बॉयलर सांभाळणारा शिट्टी म्हणतो, इंधन ओलं होतं म्हणून थांबलं. त्याचं मत त्याच्यापाशी. मी तिथेच उभा होतो. पाण्याने पत्र ऐकलं आणि ते गप्प झालं.

पत्र चिमटीच्या नावाचं होतं. चिमटी म्हणजे मालकीणबाईंची एकुलती मुलगी, वय अठरा, चण एवढीशी, पण एकदा धरलं की वादळातही न सोडणारी, म्हणून चिमटी. तिला कृत्रिम हातपाय बनवायच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. हे वेड लहानपणचं. आमच्या इस्त्रीवाल्या मावशीची दोन बोटं चादरी दाबायच्या रुळाखाली गेलेली, आणि चिमटी सातव्या वर्षापासून तिला लाकडाची बोटं करून देत आलेली. पहिली जोडी इतकी बेढब होती की मावशीने ती पाठ खाजवायला ठेवली. पाचवी जोडी घालून मावशी अंधारात सुई ओवते, तीही दुसऱ्याशी भांडता भांडता.

शिक्षणाचा खर्च मालकीणबाईंच्या आवाक्यातला नव्हता. सरकारी विद्यार्थी अनुदान मिळालं असतं तर फी, वसतिगृह, हत्यारं, सगळं भागलं असतं. नाही मिळालं तर सोमवारी जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला जाणार. इतकं सरळ होतं.

आणि पत्रात लिहिलं होतं : "अपात्र. कुटुंबाचे एकत्रित वार्षिक उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक. हरकत असल्यास शुक्रवारी चार वाजेपर्यंत, खिडकी क्रमांक सहा."

"आपलं उत्पन्न अधिक?" वहिनी म्हणाल्या. मालकीणबाईंना मी वहिनी म्हणतो, त्या मला भावजी. त्यांचा नवरा, माझा दोस्त, जाऊन नऊ वर्षं झाली, पण हाका तशाच राहिल्या. "कुणाच्या खिशात धुवायला गेलं की काय? बघा रे सगळ्यांनी आपापले खिसे!"

पत्रामागे तक्ता जोडला होता. कुटुंबातील सदस्य सहा : वहिनी, चिमटी, मावशी, शिट्टी, गिऱ्हाइकांचे कपडे पोचवणारा वाऱ्या, आणि शेवटच्या ओळीत मी. नाते, काका. पुढे माझं उत्पन्न. वहिनींनी त्या आकड्यावर बोट ठेवून तो दोनदा वाचला.

"भावजी, एवढे पैसे तुम्ही ठेवता कुठे?"

आता सांगणं भागच आहे. फॉर्म मी भरला होता. त्या दिवशी चिमटीची हातकामाची परीक्षा होती आणि फॉर्मची मुदतही त्याच दिवशी संपत होती. ती कोऱ्या फॉर्मवर सही करून गेली. जाताना म्हणाली, "शाईकाका, दोन्ही बाजू वाचून भरा हं." मी म्हणालो, "बाळ, तुझ्या जन्माआधी मी हजार फॉर्म भरलेत." खरं तर तीन भरले होते, त्यातले दोन शेजारच्याचं बघून.

शाईकाका हे नाव कामावरून पडलं. धुवायला येणाऱ्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात मी गिऱ्हाइकाचा नंबर घालतो. ती शाई सोड्याला, उकळत्या पाण्याला, कशालाच दाद देत नाही. एका हॉटेलची चादर धुऊन धुऊन विरली, विरता विरता नाहीशी झाली, तरी एक्केचाळीस नंबर दोरीवर आठवडाभर एकटा वाळत होता. शेवटी हॉटेलवाले येऊन तो घडी घालून घेऊन गेले.

तर, फॉर्मवर सूचना होती : एकत्र जेवणाऱ्या कुटुंबातील सर्व व्यक्ती लिहाव्यात; कुटुंबाची व्याख्या मागील पानावर. मी पान उलटलं नाही. कुटुंब म्हणजे काय हे मला कागदाने शिकवावं? आमच्याकडे जेवणाचं पातेलं बॉयलरच्या झाकणावर गरम राहतं. दिवसाचं शेवटचं गाठोडं बांधून होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि मग सगळ्यांनी एकदम बसायचं. बावीस वर्षं मी तरी असाच जेवतोय, आणि आलो होतो आठवडाभरासाठी. मी सहाही नावं लिहिली, वळणदार अक्षरात, माझ्या त्या शाईने. उत्पन्न सगळ्यांचं खरं लिहिलं. स्वतःचं लिहायची वेळ आली तेव्हा वाटलं, कागद सरकारदरबारी जातोय, पोरीचा काका अगदीच फाटका दिसू नये. म्हणून तिप्पट केलं.

"तिप्पट?" चिमटी म्हणाली.

"गोल आकडा होत होता."

"मग माझंही जरा गोल करायचं होतंत," शिट्टी म्हणाला, आणि मावशीने त्याला ओल्या टॉवेलाने हाणलं.

चिमटी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पत्राची घडी घालायची, उघडायची, पुन्हा घालायची. संध्याकाळी पातेलं उतरलं, सगळे बसले, आणि ही उभ्याने दोन घास खाऊन अंगणात दोरीखालून येरझारा घालत राहिली. माझ्या पायांत मुंग्यांनी मोर्चा काढलेला. मीही उठलो. ती डावीकडून उजवीकडे, मी उजवीकडून डावीकडे. मधे चादरी.

गुरुवारी आम्ही दोघं कार्यालयात गेलो. खिडकी सहाची रांग अशी, की माझ्या पुढचा गृहस्थ स्वतःच्या शिक्षणाच्या मदतीसाठी उभा राहिला होता आणि आता नातवाचं काम त्याच फेरीत उरकणार होता. चिमटी दर मिनिटाला भिंतीवरचं घड्याळ बघत होती. ते घड्याळही सरकारी. माणूस बघत असेपर्यंत काटा हलवायचं नाही असा त्याला हुकूम असावा.

खिडकीत एक बाई होत्या. एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर. मला वाटतं एक अटींसाठी आणि एक माणसांसाठी. त्यांनी फॉर्म काढून अटींच्या चष्म्यातून वाचला.

"मावशी म्हणजे आईची बहीण?"

"नाही, इस्त्री करतात," चिमटी म्हणाली.

"हे वाऱ्या?"

"माल पोचवतात."

"आणि हे काका?"

चिमटीने माझ्याकडे बोट केलं. बाईंनी चष्मा बदलून मला पाहिलं आणि पुन्हा पहिला लावला.

"वडिलांचे भाऊ?"

"भावासारखे," मी म्हणालो.

"सारखे हा रकाना नाही." त्यांनी फॉर्म उलटा करून काचेला लावला. "हे वाचलं नाहीत का? कुटुंब म्हणजे विद्यार्थी ज्यांच्यावर अवलंबून आहे ते पालक, आणि रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकविधानाने जोडलेली, एकत्र जेवणारी माणसं. नुसतं एकत्र जेवलं म्हणून कुटुंब होत नाही. तसं असतं तर आमची खानावळ म्हणजे माझं सासर झालं असतं."

"मग आमच्या कुटुंबात फक्त आई आणि मी?" चिमटी म्हणाली.

"फक्त आई आणि तू. आईचं उत्पन्न मर्यादेच्या निम्म्यात आहे. तू पात्र होतीस, बाळ. तुला या चौघांनी अपात्र केलं."

चौघांनी नाही. पण मी दुरुस्ती केली नाही.

बाईंना दया आली असावी, कारण त्यांनी खोडायचा पांढरा रंग काढला आणि चार ओळींवर फिरवला. रंग वाळला. आणि मग, डोळ्यांदेखत, माझं वळणदार अक्षर त्यातून वर आलं, बुडालेला माणूस तरंगत यावा तसं. बाईंनी पुन्हा रंग लावला. पुन्हा आलं, आता जरा जास्तच ठळक.

"ही कसली शाई?"

"चांगली आहे," मी म्हणालो. "हॉटेलवाल्यांना विचारा."

"नवीन फॉर्म देता येणार नाही?" चिमटीने विचारलं.

"एका विद्यार्थ्याला एकच क्रमांक. दुसरा दिला की यंत्र दोन्ही बाद करतं." बाईंनी खालच्या आवाजात पुढचं सांगितलं. "एक वाट आहे. ज्याचं नाव चुकून पडलंय त्याने स्वतः यायचं, माझ्यासमोर आपली ओळ खोडायची, नात्याच्या जागी 'नाही' लिहायचं आणि सही करायची. चौघांनी. उद्या चारच्या आत. चार वाजून एक मिनिटाने माझ्या हातात काही राहत नाही."

परतताना चिमटी माझ्या पुढे चालत होती. मी मागे. एका वळणावर ती थांबली. "काका, तुम्ही मुद्दाम लिहिलंत का तुमचं नाव?"

"पान उलटलं नाही, एवढंच."

"मी ते नाही विचारलं," ती म्हणाली आणि पुन्हा चालू लागली.

शुक्रवार म्हणजे आमचा हॉटेलचा दिवस. दोनशे चादरी, तितकेच अभ्रे. वहिनींनी सकाळीच जाहीर केलं, की बारा वाजता बॉयलर विझवायचा. हा बॉयलर विझवलेला कुणी पाहिला नव्हता. त्याला थंड व्हायला दोन तास लागतात आणि वाफ असताना त्याला एकटं सोडता येत नाही. एकदा सोडला होता तेव्हा त्याचं झाकण तीन गल्ल्या पलीकडे एका लग्नाच्या जेवणात जाऊन बसलं आणि लोकांनी त्यावर वाढून घेतलं. शिट्टी बॉयलरशेजारी बसून त्याला थोपटत होता.

मावशी मात्र फुगून बसली होती.

"मी नाही येणार. ती पोरगी जन्मली तेव्हा तिचं पहिलं अंग मी पुसलंय. आता जाऊन लिहू, की मी तिची कोणी नाही?"

"मावशी, कागदावर लिहायचंय," चिमटी म्हणाली.

"कागदावर राहतं तेच. तोंडचं काय, वाऱ्यावर जातं." मग तिला आठवलं. "अगंबाई, वाऱ्या कुठाय?"

वाऱ्या अकरालाच हॉटेलच्या चादरी घेऊन तीनचाकी सायकलवरून निघाला होता. त्याला वाऱ्या म्हणतात ते, तो भरलेल्या गाडीसह चालत्या म्हाताऱ्यांनाही पुढे जाऊ देतो म्हणून. वाटेत प्रत्येक दारात त्याला सांगायचं काहीतरी असतं आणि ऐकायचं त्याहून जास्त. दीड वाजला. दोन वाजले. चिमटी फाटकापर्यंत जायची, परत यायची. तिच्या चपलेने तिथली माती इतकी खोल गेली, की मावशीला येताना हात द्यावा लागला. हो, मावशी उठली होती. कधी ते कुणी पाहिलं नाही, पाहिलं तेव्हा ती नवी साडी नेसून, लाकडी बोटं घालून, "चला ना, काय बसलाय!" म्हणून आम्हालाच ओरडत होती.

सव्वादोनला बॉयलरने शेवटचा उसासा टाकला. वहिनी, मावशी आणि शिट्टी थेट कार्यालयात गेले, रांग धरायला. मी आणि चिमटी वाऱ्याच्या मागावर.

न्हाव्याच्या दुकानात तो बाराला होता. चाव्या बनवणाऱ्याकडे साडेबाराला. तिथे त्याने शिट्टीच्या गुडघेदुखीची बातमी दिली होती. औषधवाल्याकडे एकला, तोवर शिट्टीचं ऑपरेशन ठरलं होतं. दवाखान्याच्या दारावरच्या बाईने मला विचारलं, "गेला का हो तो बिचारा?" चिमटी धावत होती. मी धावत नव्हतो, पण माझं मन तिच्याही पुढे दोन चौक होतं, आणि सोबत मला शिव्या घालत होतं.

हॉटेलच्या मागच्या दारी तो सापडला. गाडी रिकामी, आणि वाऱ्या माल घेणाऱ्याशी हमरीतुमरीवर.

"एकशे नव्व्याण्णव अभ्रे आहेत," माल घेणारा म्हणत होता.

"दोनशे! मी मोजून आणलेत. चोर नाही असं ठरल्याशिवाय मी हलणार नाही, आणि चोर ठरलो तर अजिबात हलणार नाही!"

"वाऱ्याकाका, तीन वाजून गेले," चिमटी म्हणाली.

"तू थांब गं, इज्जतीचा सवाल आहे."

चिमटीने त्याच्याशी वाद घातला नाही. ती खाली बसली, दहा दहाच्या थप्प्या ओढून मोजू लागली. तिची बोटं इतकी भराभर चालली, की वारा सुटून वरच्या मजल्यावरचे पडदे हलले. अठराव्या थप्पीत दोन अभ्रे एकमेकांत शिरलेले निघाले. तिने ते माल घेणाऱ्याच्या हातात ठेवले, वाऱ्याची कॉलर धरली आणि त्याला गाडीत बसवलं. मलाही. गाडी तिने चालवली. वाऱ्या सगळ्या रस्त्याने म्हणत होता, "हळू, अगं, गाडीला सवय नाही!"

पावणेचारला आम्ही पोचलो. वहिनींनी रांग धरली होती. नुसती धरली नव्हती, तर रांगेतल्या प्रत्येकाची सगळी हकीकत ऐकून घेतली होती आणि बहुतेकांना आम्हाला पुढे सोडायला राजी केलं होतं. एक जण हटेना. त्याच्याकडे मावशीने फक्त पाहिलं.

शिट्टीने आधी खोडलं. मग वाऱ्याने, त्याला त्याआधी बाईंना हॉटेलची गोष्ट सांगायची होती, ती चिमटीने त्याच्या पायावर पाय देऊन वाचवली. मग मावशीने लाकडी बोटांत पेन धरलं. बाईंनी चष्मा बदलला.

"ही कुठून घेतलीत?"

"घेतली नाहीत. हिने केलीत." मावशीने रेघ मारली, 'नाही' लिहिलं, आणि सही करून पेन खिडकीत आपटलं.

मग मी. तीन बावन्न.

बाईंच्या पेनची निळी रेघ तिघांच्या नावांवर फिकट उमटली होती; माझी शाई तिला बाजूला सारत होती. बाईंनी कागद उजेडाला धरला. "हे चालणार नाही. यंत्राला रेघ दिसायला हवी. काळं काही आहे का?"

माझ्या खिशात ती बाटली कायम असते. बोरूही. मी तिघांच्या रेघा त्या शाईने पुन्हा ओढल्या. मग शेवटच्या ओळीपाशी आलो. काका. मी स्वतःच लिहिलेलं, वेलांटी-मात्रा नसलेलं, साधं. ते तर हवंच होतं मला लिहून. त्या दिवशी टेबलाशी एकटा बसून ते लिहिताना मी जीभ बाहेर काढून लिहिलं होतं, पोरासारखं. चिमटीने वळणावर विचारलं होतं त्याचं उत्तर हेच होतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

"काका, चार मिनिटं," चिमटी म्हणाली.

मी रेघ ओढली. 'नाही' लिहिलं. सही केली. जन्मात माझ्या हातून इतकं सरळ काही लिहिलं गेलं नव्हतं.

शिक्का पडला : पात्र. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. आणि बाईंनी आणखी एक कागद पुढे सरकवला.

"आता जामीनदार."

"कसला जामीनदार?" वहिनी म्हणाल्या.

"पात्र ठरल्यावरची अट. मुलीने शिक्षण मधेच सोडलं, दोनदा नापास झाली किंवा हजेरी पाऊणपट भरली नाही, तर अनुदानाचं कर्ज होतं आणि ते जामीनदाराने फेडायचं. विद्यार्थ्याला दहा वर्षं ओळखणारा आणि एका जागी दहा वर्षं काम केलेला हवा. कुटुंबातला चालत नाही."

शिट्टीने कर्ज हा शब्द ऐकून आपला गुडघा चोळला. वाऱ्याला नोकरीत आठच वर्षं झाली होती. मावशी पुढे झाली, पण ती रोजंदारीवर, तिची वर्षं कुठल्याच कागदावर नव्हती.

मी कागद ओढून घेतला.

"नको," चिमटीने माझं मनगट धरलं. "मी नापास झाले तर तुम्ही कुठून भराल? खरं सांगा, आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग?"

"मग नापास होऊ नकोस. सोड हात, शाई सांडेल."

बाईंनी विचारलं, "नातं?"

"आत्ताच तर खोडलं तुमच्यासमोर."

"ओळख किती वर्षांची?"

"अठरा. तिच्या जन्माच्या दिवसापासून. खरं तर त्याच्या आदल्या दिवसापासून, पण तेव्हा ती बोलत नव्हती."

"उत्पन्न?"

मी खरा आकडा लिहिला. बाईंनी तो पाहिला, मग फॉर्मवर खोडलेल्या ओळीतला तिप्पट आकडा पाहिला.

"हे काय?"

"तेव्हा मी कुटुंबात होतो," मी म्हणालो.

बाईंनी दोन्ही चष्मे काढले. बराच वेळ त्या खाली बघून काहीतरी शोधत राहिल्या. खांदे हलत होते. मग शिक्का मारला. घड्याळाचा काटा, कुणी बघत नसताना, चारावर येऊन बसला आणि खिडकी खाली आली.

बाहेर पायऱ्यांवर मावशी आणि वाऱ्या कुणी आधी खोडलं यावरून भांडत होते. शिट्टीला बॉयलरची काळजी लागली होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आज पातेलं चढवायचं राहिलंय. उशीर होईल जेवायला." मी म्हटलं, होऊ दे.

माझ्या हातात अटींची पुस्तिका होती आणि मी ती चालता चालता वाचत होतो. दोनदा खांबाला धडकलो. एका खांबाने माफीही मागितली.

"चिमटे, हजेरी पाऊणपट म्हणजे आजारपण धरून की सोडून?"

"काका, अजून कॉलेज सुरू व्हायचंय."

"सोमवारी किती वाजता पोचायचंय?"

"नऊला."

"आठला पोच. आणि रात्री वाचन किती करणार?"

"आईपण एवढं विचारत नाही!"

"ती घरची आहे," मी म्हणालो. "तिला पैसे भरायचे नाहीत. पहिली परीक्षा कधी?"